फाटलेला लाल ठिपका

गिऱ्हाईक दुर्बिणींच्या काउंटरपाशी यायचं, कांचन देशकरकडे बघायचं आणि मग तिच्या खांद्यावरून मागे बघायचं. मागे कुणीच नसायचं. मग इंग्रजीत प्रश्न यायचा, "इथे दुसरं कुणी आहे का?" काही जण हसून विचारायचे, काही न हसता. कांचनचं उत्तर दोघांनाही एकच असे. "डेल आहे. साडेबाराला येईल. तोवर मी आहे."

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागातलं शिकारीच्या सामानाचं ते मोठं दुकान. त्यात काम करणारी ती एकटीच भारतीय. नागपूरच्या कॉलेजात तिने अकरा वर्षं फिजिक्स शिकवलं होतं, आणि प्रकाशाची सगळी प्रॅक्टिकल्स तिच्याकडे असत. मग नवरा विवेक इथल्या एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात आला आणि ती त्याच्या व्हिसावर सहा वर्षं घरात बसली. कामाची परवानगी मिळाली तेव्हा शाळांनी राज्याचं सर्टिफिकेट मागितलं. ते मिळवायला दोन वर्षं लागणार होती, आणि घरात बसणं आता तिला एक दिवसही नको होतं. दुकान पंधरा मिनिटांवर होतं. तिला तंबू आणि स्लीपिंग बॅगा विकायला घेतलं.

तिथून ती दुर्बिणींकडे आली ती भांडून. बावीस वर्षं ते काउंटर सांभाळणारा डेल एका माणसाला सांगत होता की रायफलवरच्या स्कोपची, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीची, नळी जाड असली की उजेड जास्त येतो. कांचन तंबूच्या खुंट्या मांडता मांडता थांबली. "नळीने उजेड येत नाही," ती म्हणाली. "पुढचं भिंग केवढं, तुम्ही मोठं किती करून बघता आणि काच कशी आहे, यावर सगळं असतं." गिऱ्हाइकाने तिला चार प्रश्न विचारले आणि तिने चारही सोडवून दिले. मॅनेजरने ते पाहिलं. महिन्याभरात ती डेलच्या शेजारी उभी होती, आणि डेलने त्या दिवसापासून तिला गुड मॉर्निंग म्हणणं बंद केलं. तिनेही कधी म्हटलं नाही.

बंदुकीला ती हात लावत नसे. "स्कोप काढून द्या, मग बघते," असं ती सांगायची. शिकारीबद्दल तिला प्रेम नव्हतं आणि शिकाऱ्यांबद्दल तर मुळीच नव्हतं. पण काच तिला कळत होती. सूर्य मावळल्यावरच्या अर्ध्या तासात, हरणं रानातून बाहेर येतात त्या वेळी, स्कोपमधल्या नेमाच्या फुलीच्या काळ्या रेघा काळ्या झाडीत बुडून जातात. म्हणून त्यांच्या मधोमध बॅटरीवर पेटणारा लाल ठिपका असलेले स्कोप लोक मागतात. तो ठिपका किती तेज असावा यापेक्षा किती मंद होऊ शकतो हे बघायचं असतं. तेज ठिपका डोळा दिपवतो आणि मागचं हरीण दिसेनासं होतं. हे ती दिवसातून दहा वेळा सांगायची. दहातले सहा जण ऐकायचे आणि बाकीचे डेलची वाट बघायचे.

तिथल्या मराठी मंडळात ही नोकरी म्हणजे एक विषय होता. मंडळ म्हणजे पन्नास-साठ घरं. त्यातले अर्धे कॉम्प्युटरवाले आणि बाकीचे सत्तरच्या दशकात आलेले डॉक्टर. त्यांच्यात सगळ्यांत ज्येष्ठ डॉ. मनोहर टिपणीस, वय शहात्तर. आयुष्यभर त्यांनी याच खोऱ्यात हाडं जोडली होती. चौऱ्याहत्तर साली ते आले तेव्हा हॉस्पिटलातले गोरे डॉक्टर नोव्हेंबरात सगळेच रानात जायचे. टिपणीसही गेले, आणि शिकले. आता त्यांच्या बेसमेंटच्या भिंतीवर सात शिंगाळी डोकी होती. घरी आलेल्या पाहुण्याला ती बघितल्याशिवाय चहा मिळत नसे. मंडळात याला डॉक्टरांचा छंद म्हणत. त्याच छंदाला लागणारी काच विकणं ही मात्र देशकरांवर आलेली वेळ होती.

त्या वर्षी गणपतीत आरती झाल्यावर टिपणीसांनी हॉलभर ऐकू जाईल असं विचारलं, "काय विवेकराव, तुमच्या मिसेस बंदुकांच्या दुकानात आहेत म्हणे? आता मंडळात जपून बोललं पाहिजे बुवा!"

लोक हसले. टिपणीसांच्या पत्नी शोभनाकाकूही प्रसादाचं ताट धरून हसल्या. विवेकही थोडा हसला. कांचनने कोण कोण हसलं ते नीट पाहून ठेवलं.

ऑक्टोबरात टिपणीस दुकानात आले. कांचन दिसताच त्यांचा चेहरा बदलला.

"डेल कुठंय?"

"जेवायला गेलाय. काय हवंय, काका?"

त्यांनी तिच्याकडे न बघता काचेखालच्या स्कोपवर बोट ठेवलं. सगळ्यांत मोठा, छप्पन मिलिमीटर भिंगाचा, लाल ठिपक्याचा. "हा काढ. संध्याकाळी कमी दिसतं हल्ली. जुना स्कोप गेला कामातून."

तिने तो काढला नाही. "काका, या भिंगातून सात मिलिमीटरचा उजेडाचा गोल डोळ्यावर पडतो. तेवढा आत घ्यायला डोळ्याची बाहुली तेवढी उघडली पाहिजे. विशीत उघडते. तुमच्या वयाला पाचच्या वर जात नाही. बाकीचा उजेड बाहेरच सांडतो. हा बेचाळीसचा घ्या, वजनाला हलका आहे आणि ठिपका अगदी मंद होतो."

त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पण 'तुमच्या वयाला' हे शब्द ती गाळू शकली असती, आणि तिने ते गाळले नाहीत.

टिपणीस काचेवर वाकले. "तू मला डोळ्याची बाहुली शिकवणार? मेडिकल कॉलेजात गोल्ड मेडल होतं मला. तू जन्मली नव्हतीस तेव्हा."

"मग तुम्हाला हे माहीत असायला हवं."

टिपणीस वळले. बाहेर पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले, आणि डेल परत आल्यावर आत येऊन त्यांनी तो छप्पनचाच स्कोप घेतला. डेलने पिशवी भरताना कांचनकडे बघून शीळ घातली.

दहा दिवसांत स्कोप परत आला. ठिपका खराब आहे, टिपणीस सांगत होते. गोल दिसत नाही, फाटतो, त्याला काटे फुटतात. डेलने बदलून दिला. आठवड्याने दुसराही परत आला, तीच तक्रार. तिसऱ्या खेपेला डेलने खोका कांचनपुढे सरकवला. "तुझ्या देशाचा माणूस आहे. तू बघ."

संध्याकाळ होत आली होती. दुकानाच्या मागे माल उतरवायचा फलाट होता. गिऱ्हाइकाला संधिप्रकाशात काच दाखवायची तर तिथे न्यायचं, अशी पद्धत होती. कांचन नुसता स्कोप घेऊन निघाली. टिपणीस कुरकुरत मागे आले. समोर कुंपण, कुंपणापलीकडे पिवळं गवत आणि लांब एक पांढरा खांब.

"खांबावर ठिपका धरा. उजव्या डोळ्याने. काय दिसतं?"

"तेच. फाटलेला आहे. उजवीकडे वर एक शेपूट आलंय."

"आता डोळा हलवू नका. मी स्कोप गोल फिरवते." तिने नळी पाव वळसा फिरवली. "शेपूट कुठे गेलं?"

"कुठेच नाही. तिथेच आहे."

"आणखी फिरवते. आता?"

"तिथेच आहे म्हटलं ना!"

"स्कोपमध्ये दोष असता तर स्कोपबरोबर शेपूटही फिरलं असतं," कांचन म्हणाली. "आता डाव्या डोळ्याने बघा."

टिपणीसांनी डावा डोळा लावला. मग पुन्हा उजवा, पुन्हा डावा. डाव्या डोळ्याला ठिपका स्वच्छ गोल दिसत होता हे त्यांच्या या अदलाबदलीवरून तिला कळलं. वर्गात एखाद्या मस्तवाल विद्यार्थ्याचं उत्तर चुकलं की तिला जसं वाटायचं तसंच आताही वाटलं, आणि ते तिला आवडलं.

"स्कोप चांगला आहे, डॉक्टर. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू असणार. तपासून घ्या. संध्याकाळी समोरच्या गाड्यांचे दिवेही असेच फाटत असतील तुम्हाला."

"तोंड सांभाळ," टिपणीस म्हणाले. "दुकानात काम करणारी बाई मला निदान सांगते? पन्नास वर्षं डॉक्टर आहे मी. गाडी कशी चालवायची ते तू सांगणार?"

"मी ठिपक्याबद्दल सांगितलं. तुम्हाला पटलंय, म्हणून एवढे चिडलात."

त्यांनी स्कोप परत केला नाही. उलट दुकानाला लांबलचक पत्र पाठवलं. तुमची एक कर्मचारी डॉक्टरकी करते, ज्येष्ठ ग्राहकांचा त्यांच्या वयावरून अपमान करते, वगैरे. मॅनेजरने कांचनला बोलावून सांगितलं की सीझन संपेपर्यंत तिने तंबूंकडे जावं. तिने दुसऱ्याच दिवसापासून खुंट्या मांडायला घेतल्या. डेल मुद्दाम त्या बाजूने दोन चकरा मारून गेला.

घरी विवेक म्हणाला, "कशाला बोललीस यार? विकायचं आणि मोकळं व्हायचं. उद्या मंडळात तोंड कसं दाखवायचं?"

"तू तिथे हसला होतास," कांचन म्हणाली.

"कधी?"

"गणपतीत."

विवेकला आठवत नव्हतं. त्यामुळे ती आणखीच चिडली, आणि चार दिवस घरात जेवायला वाढण्यापुरतं बोलणं राहिलं.

नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात शोभनाकाकू दुकानात आल्या. हातमोजे बघत बघत तंबूंच्या रांगेत शिरल्या आणि कांचनसमोर उभ्या राहिल्या.

"तू ह्यांना काय सांगितलंस ते मला सांग. घरी नुसती आदळआपट चाललीय."

"मी काही सांगणार नाही, काकू. आधीच तक्रार झालीय माझी."

"कांचन, मी त्यांच्या शेजारी बसते गाडीत. गेल्या आठवड्यात एडिसनहून परत येताना अंधार पडला, तर दोनदा रस्त्यामधल्या पिवळ्या रेघेवर गेले. मी ओरडले तर मलाच खाली उतर म्हणाले."

कांचन हातातली दोरी गुंडाळत राहिली. "गणपतीत तुम्हीही हसला होतात."

शोभनाकाकू जराशा मागे सरल्या. मग म्हणाल्या, "हसले होते. चाळीस वर्षं त्यांच्या विनोदांवर हसतेय. आता सांगशील का?"

कांचनने सांगितलं, पण आवाज मऊ केला नाही. एकेक डोळा झाकायला लावा, लांबचा दिवा बघायला लावा, दोन डोळ्यांत फरक किती ते विचारा. आणि डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट तुम्हीच घ्या. काकूंनी ते कागदावर लिहून घेतलं. हातमोजे तिथेच ठेवून त्या गेल्या. अपॉइंटमेंट त्यांनी घेतली, आणि टिपणीसांनी फोन करून कॅन्सल केली.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा सीझन उघडला. टिपणीस गेली सव्वीस वर्षं यॉडर नावाच्या एका शेतकऱ्याच्या जमिनीवर शिकार करत. यॉडरच्या मोडक्या मनगटाचं हाड त्यांनी कधी काळी बसवलं होतं, तेव्हापासून दोघांची ही मैत्री. त्या शनिवारी दिवसभर काही दिसलं नाही. सूर्य मावळला. नियमाने आणखी अर्धा तास गोळी झाडता येते. तोही अर्धा तास संपून गेला, तरी टिपणीस बसून राहिले. मग झाडीच्या कडेला तांबूस काहीतरी हललं. स्कोपमध्ये फाटलेला लाल ठिपका होता आणि त्याच्या मागे हरणाच्या रंगाची पाठ होती. त्यांनी गोळी झाडली.

ती यॉडरची जर्सी कालवड होती, कुंपणाच्या तुटक्या तारेतून बाहेर आलेली. टिपणीस जवळ गेले आणि बॅटरीच्या उजेडात त्यांना तिच्या कानातला पिवळा बिल्ला दिसला. ती अजून पाय झाडत होती. ती शांत होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले, आणि मग त्यांनी स्वतःच यॉडरला फोन केला. एवढं मात्र त्यांच्याबद्दल म्हटलं पाहिजे. ते पळून गेले नाहीत.

यॉडर ट्रॅक्टर घेऊन आला. त्याने कालवडीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "माझी नात रोज या वाटेने गुरं आत घ्यायला येते," तो म्हणाला. "आज तिला ताप आहे म्हणून घरी आहे. माझ्या जमिनीवरून चालते व्हा. पुन्हा दिसलात तर मी बोलत बसणार नाही." आणि त्याने वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याला बोलावलं.

अधिकाऱ्याला टिपणीसांनी सांगितलं की दोष स्कोपचा आहे. तीनदा तक्रार केली, दुकानाने दाद दिली नाही. स्कोप तपासायला पाठवला गेला, आणि अधिकारी दुकानात आला. मॅनेजरचं धाबं दणाणलं. त्याने कांचनला तंबूंतून बोलावून आणलं, अधिकाऱ्याकडून कळलेलं कालवडीचं आणि यॉडरच्या नातीचं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "त्या संध्याकाळी फलाटावर काय झालं ते सगळं लिहून दे."

त्याच दुपारी तिचा फोन वाजला. टिपणीस होते.

"कांचन, तुला काही लिहायला सांगतील. तू लिहू नकोस. आठवत नाही म्हणून सांग."

"मला सगळं आठवतंय."

"हे बघ, परक्या देशात आपण आपल्या माणसांना धरून राहायचं असतं. तू आपल्यातली आहेस."

"माझ्यावर तक्रार लिहिलीत तेव्हा मी कुणातली होते?"

ते म्हणाले, "तुला मजा येतेय ना? म्हातारा माणूस सापडला तुला. माझ्या हातून काय मेलंय ते माहीत आहे तुला? शोभना देवघरातून उठलेली नाही दोन दिवस."

"माहीत आहे," कांचन म्हणाली. "तुम्ही फलाटावर माझं ऐकलं असतंत तर ती कालवड आज गोठ्यात असती. आणि यॉडरच्या नातीला ताप नसता तर तुम्ही आज कुठून फोन केला असता, याचाही विचार करा."

तिने फोन ठेवला. ती पाच मिनिटं स्टोअररूममध्ये बसली. मग तिने एक पान लिहिलं, कॉलेजातल्या प्रॅक्टिकलच्या वहीसारखं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. निष्कर्षात तिने मोतीबिंदू हा शब्दही लिहिला नाही. नळी फिरवूनही ठिपक्याचा आकार फिरला नाही, सबब दोष उपकरणात नाही, एवढंच. खाली सही केली.

तपासणीत स्कोप निर्दोष निघाला. टिपणीसांचं शिकारीचं लायसन्स काही वर्षांसाठी गेलं. डोळे तपासावेच लागले. उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू होता, डाव्यात सुरुवात होती. डिसेंबरात उजव्याचं ऑपरेशन झालं. मॅनेजरने कांचनला काउंटरवर परत आणलं, पण तक्रारीचा कागद फाइलमधून काढला नाही. ती दोनदा विचारायला गेली. दोन्ही वेळा मॅनेजर 'बघतो' म्हणाला.

जानेवारीत मंडळाचं संक्रांतीचं जेवण होतं. विवेकला जायचं नव्हतं. कांचन काळी साडी नेसून तयार होऊन बसली होती, म्हणून तो निघाला.

हॉलमध्ये टिपणीस खुर्चीवर बसले होते, भोवती सात-आठ जण. नव्या डोळ्याने सगळं कसं लख्ख दिसतंय हे ते सांगत होते. मग कुणीतरी त्या कालवडीचं विचारलं. टिपणीस म्हणाले, "अहो, स्कोपच सदोष होता. या दुकानांना कोण विचारतं? रिपोर्ट पाहिजे तसा लिहून घेतात. आणि आपलीच माणसं सह्या करतात."

सगळ्यांनी कांचनकडे पाहिलं. तिच्या हातात रिकामं ताट होतं. ती बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात मागून शोभनाकाकूंचा आवाज आला. त्या गुळाच्या पोळ्यांचा डबा टेबलावर ठेवत होत्या.

"पुरे झालं आता. स्कोप चांगला होता. डोळा तुमचा खराब होता. तिने तुम्हाला ऑक्टोबरात सांगितलं होतं, मी नोव्हेंबरात सांगितलं."

टिपणीस उठले. कोट घेऊन ते बाहेर गेले आणि गाडीत बसून राहिले. काकूंनी डब्याचं झाकण काढलं आणि पोळ्या मोजायला लागल्या, पण त्यांना नीट मोजता येईना.

कांचनला वाटलं होतं की हा क्षण आला की आपल्याला बरं वाटेल. काचेमागून लोकांकडे बघावं तसं तिने एकेकाकडे पाहिलं. गणपतीत हसलेले सगळे चेहरे तिथे होते. आता त्यातलं कुणी हसत नव्हतं, पण तिच्याकडे बघण्याची रीत तीच होती. कुणीतरी हळूच म्हणालं, "शहात्तर वर्षांचा माणूस, अशा थंडीत बाहेर बसलाय." दुसरं म्हणालं, "नवराबायकोत भांडण लावून दिलं." बोलणाऱ्या बाईने कांचनकडे पाठ केली होती, आवाज मात्र कमी केला नव्हता.

विवेक तिच्या कानाशी आला. "चल, निघू या."

"का?"

"बघतेस ना सगळे कसे बघतायत."

"बघू देत," कांचन म्हणाली. "मी जेवून जाणार आहे." आणि ताट घेऊन ती रांगेत शोभनाकाकूंच्या समोर जाऊन उभी राहिली. काकूंनी तिच्याकडे न बघता दोन पोळ्या वाढल्या. कांचन म्हणाली, "तूप." काकूंनी तूप वाढलं.